आरशातून घेतलेली उडी : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि पुनर्निर्मितीचा प्रश्न

सप्टेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीचा अंमल पुरता सरलेला नसताना, युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने एक घोषणा केली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती निघणार होती, आणि ती घडवण्याचे काम कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे सोपवलेले होते. जगभर नाव असलेल्या एका मालिकेतील मुख्य गेमची पुनर्निर्मिती आपल्याकडे होत आहे, याचे कौतुक इथल्या वर्तमानपत्रांनी करावे तेवढे केले नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष देण्याचा तर प्रश्नच नव्हता. ‘मुलांचे खेळ’ म्हटले की आपली चौकशी तिथेच संपते.

मला मात्र त्या बातमीने अस्वस्थ केले, आणि त्याचे कारण २००३ च्या गेममध्ये नसून त्याच्या मूळपुरुषात, १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’त होते. संहिता, प्रत, पाठभेद, लेखकाची दैनंदिनी, हरवलेले आणि सापडलेले हस्तलिखित हे सारे आपण वर्गात ज्या शब्दांनी शिकवतो, ते शब्द या गेमच्या इतिहासाला जसेच्या तसे लागू पडतात. किंबहुना एखाद्या कृतीचा घाट तिच्या साधनांच्या मर्यादेतून कसा जन्माला येतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण गेल्या पन्नास वर्षांत मला दुसरे ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग निघू लागले, त्या काळात शिकलेल्यांना हा गेम वेगळा सांगायला नको. काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ एवढेच टंकायचे आणि कळ दाबायची. सर बाहेर गेले की वर्गातल्या चार यंत्रांपैकी निदान तीन यंत्रांवर पांढऱ्या कपड्यांतला एक कृश तरुण तळघरात धावू लागे. कोणी ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टंकून चोरवाटेने पुढच्या पायऱ्या गाठी. पहिली पायरी संपली की एक विचित्र दालन येई. तिथे अक्षरे लिहिलेल्या कुप्या मांडलेल्या असत, आणि गेमसोबतच्या पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या कुपीवर असेल तीच प्यायची, अशी अट असे. चोरून प्रत काढणाऱ्याला अडवण्याची ती युक्ती होती. आमच्यापैकी एकानेही ती पुस्तिका कधी पाहिलेली नव्हती. ज्याच्या फ्लॉपीत ते दालन आधीच कोणीतरी निष्प्रभ करून ठेवलेले असे, त्याच्या फ्लॉपीला वर्गात मान असे. ग्रंथावाचून कुलूप उघडत नाही, हे मला प्रथम कळले ते असे. पुढे मराठीत एम.ए. करताना त्याची पुन्हा आठवण झाली, ती वेगळ्या अर्थाने.

या गेमचा कर्ता जॉर्डन मेक्नर. जन्म १९६४, न्यूयॉर्क. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याचा ‘कराटेका’ हा पहिला गेम १९८४ मध्ये ब्रॉडरबंड या कंपनीने प्रकाशित केला आणि तो चांगला खपला. १९८५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या या तरुणाला खरी ओढ चित्रपटाची होती. गेम लिहावा की पटकथा, हा प्रश्न त्याला पुढची कित्येक वर्षे सुटला नाही. १९८५ ते १९९३ या काळातील त्याची दैनंदिनी आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहे, आणि तिच्यात या द्विधेचे तपशील पानोपानी भेटतात. मधल्या काळात तो गेम बाजूला सारून पटकथा लिहीत बसला. गेम पुरा व्हायला चार वर्षे लागली. एकट्याने केलेल्या कामाला चार वर्षे म्हणजे फार नव्हेत. पण ज्या यंत्रासाठी तो लिहीत होता ते ‘ॲपल टू’ १९७७ चे होते, आणि या चार वर्षांत ते बाजारातून अस्तंगत होत चालले होते. गेम पुरा होईपर्यंत वाचकवर्गच नाहीसा होतो की काय, अशी ती शर्यत होती.

यंत्राची ताकद किती, ते सांगायला हवे, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके घेणारा प्रक्रियक आणि आजच्या मोबाइलवरील एका छायाचित्रालाही पुरणार नाही इतकी स्मृती. एवढ्यात चित्रे, हालचाली, ध्वनी, नकाशे आणि नियम सारे बसवायचे.

मेक्नरने हट्ट धरला तो हालचालींचा. उड्या मारत फळ्यांवरून फळ्यांवर जाण्याचे गेम तोवर मुबलक झाले होते. १९८१ चा ‘डाँकी काँग’, १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ही त्यांतली थोर नावे. पण मारिओ हा मुळात चेंडू आहे. तो हवेत असताना दिशा बदलतो, कितीही उंचावरून पडला तरी त्याचे काही बिघडत नाही. मेक्नरला हाडामांसाचा माणूस हवा होता. त्यासाठी त्याने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे ढगळ कपडे घालून एका वाहनतळावर धावायला, उडी मारायला, कड्याला लोंबकळून वर चढायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रण केले. मग ती फीत एकेका चौकटीवर थांबवून टीव्हीच्या पडद्याची छायाचित्रे काढली, ती धुऊन आणून काळ्या शाईने आणि पांढऱ्या रंगाने आकृतीची कड रेखली, त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून त्या पुन्हा कॅमेऱ्यातून संगणकात उतरवल्या. चित्रपटाच्या क्षेत्रात रोटोस्कोपिंग म्हणून ही पद्धत आधीपासून होती. घरगुती संगणकावर या दर्जाने ती आणण्याची कामगिरी मात्र मेक्नरची. तलवारबाजीसाठी भाऊ उपयोगाचा नव्हता. ती आली १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातून. एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांच्या अखेरच्या द्वंद्वात काही सेकंद असे आहेत की दोघेही अगदी बाजूने दिसतात. मेक्नरने तेवढेच उचलले. संगीत वडिलांचे, फ्रान्सिस मेक्नर यांचे. ते व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. म्हणजे एका घरातील तीन माणसे आणि एक जुना चित्रपट, एवढ्या भांडवलावर पर्शियाचा हा राजपुत्र उभा राहिला.

हा पर्शिया भूगोलातला नव्हे, हे ओघाने आले. दुष्ट वजीर जाफर, कोंडलेली राजकन्या, तळघरातून सुटू पाहणारा परका तरुण, हे सारे ‘अरेबियन नाइट्स’मधून, आणि खरे म्हणजे त्यावर बेतलेल्या हॉलिवुडच्या चित्रपटांतून आलेले आहे. १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये वजीर जाफर आहे, आणि त्याच चित्रपटात चोराची भूमिका म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबूने केली होती. खरा जाफर अब्बासी खलिफा हारून अल् रशीदचा वजीर. त्याचे बर्मकी घराणे बल्खचे, आणि त्याच्या नावाचे मूळ तिथल्या बौद्ध विहाराच्या ‘प्रमुख’पदाशी अनेक विद्वान जोडतात. खलिफाने ८०३ मध्ये त्याचा शिरच्छेद करवला. कथांनी त्याला आधी खलिफाचा सोबती केले, चित्रपटांनी खलनायक, आणि गेमने अखेरचा शत्रू. एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर हा पूर्व-देश कुणी घडवला हे विचारल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. मात्र मेक्नरच्या गेमबाबत हा आक्षेप घेऊनही बरेच काही हाती उरते. कारण त्याचे खरे आशयद्रव्य पर्शिया नाही. शरीर आणि वेळ हे आहे.

शरीर असे : राजपुत्र धावू लागला की त्याला थांबायला एक-दोन पावले लागतात. उडीची लांबी ठरलेली आहे, हवेत गेल्यावर पश्चात्तापाला जागा नाही. दोन मजल्यांवरून पडला तर एक प्राणबिंदू जातो, तीन मजल्यांवरून पडला तर मरतो. पडदा म्हणजे तीन मजले आणि प्रत्येकी दहा फरशा, इतकी काटेकोर आखणी. खेळणाऱ्याला काही दिवसांत हे माप हाडात मुरते, वृत्ताच्या मात्रा मुरतात तसे. कड्याच्या टोकाशी सावकाश पाऊल टाकत जायचे, मागे वळायचे, तीन फरशांची धाव घ्यायची आणि उडायचे. चुकले की खालचे सुळे आहेतच.

आणि वेळ : साठ मिनिटे. जाफरने राजकन्येला एक तास दिला आहे, लग्न किंवा मरण. तो तास घड्याळाचा खरा तास आहे. राजपुत्र मेला की पायरीच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात करता येते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. पुढच्या पायऱ्यांवर डाव जतन करून ठेवता येई, मात्र त्याबरोबर उरलेली मिनिटेही तेवढीच जतन होत. म्हणजे मृत्यूची शिक्षा मृत्यू नव्हे, वाया गेलेला वेळ. अशा गेमांत तोवर ‘तीन जीव’ मिळण्याची रीत होती. मेक्नरने जीव अगणित दिले आणि आयुष्य एक दिले. कथेतला काळ आणि वाचनाचा काळ एकच करण्याचा प्रयोग कादंबरीने अनेकदा केला आहे, पण वाचक पुस्तक मिटून ठेवू शकतो आणि नायिका तिथेच थांबते. इथे ते बळ वाचकाकडून काढून घेतलेले आहे.

आता सावलीकडे येतो. मूळ योजनेत लढाई नव्हती. नि:शस्त्र नायक केवळ अंगच्या चपळाईने तळघरातून सुटतो, अशी मेक्नरची कल्पना, आणि तिच्यापायी सगळी स्मृती राजपुत्राच्या हालचालींनीच व्यापून टाकली होती. शेजारी काम करणाऱ्या टोमी पियर्स यांनी मात्र लढाई हवी, असा धोशा लावला. त्यांचे म्हणणे रास्त होते. गेम सुंदर होता पण त्यात विरोध नव्हता. अडचण अशी की दुसरे पात्र उभे करायला जागाच शिल्लक नव्हती. तेव्हा मेक्नरने जी तोड काढली ती समजून घेण्यासारखी आहे. संगणकातले चित्र म्हणजे शून्य आणि एक यांची जाळी. राजपुत्राचेच चित्र घ्यायचे, ते एक घर सरकवून त्याच्यावरच ठेवायचे, आणि दोन्ही चित्रांत जिथे सारखेपणा असेल तिथे काळोख, जिथे फरक असेल तिथे उजेड, असा नियम लावायचा. या वजाबाकीतून एक चमकत्या कडांची, पोकळ, भुतासारखी आकृती तयार होते. तिला वेगळी जागा लागत नाही, तिच्या हालचाली नव्याने रेखाव्या लागत नाहीत, कारण ती राजपुत्रच आहे.

ही युक्ती सापडल्यावर तिच्याभोवती कथा आली. चौथ्या पायरीच्या अखेरीस वाट एका आरशाने अडवलेली असते. तो धावत येऊन उडी मारूनच फोडायचा. उडी पलीकडे जाते तेव्हा आरशातून उलट दिशेने एक सावली बाहेर पडते, आणि राजपुत्राच्या अंगात एकच प्राणबिंदू उरतो. पाचव्या पायरीवर तीच सावली त्याच्या आधी येऊन औषधाची कुपी पिऊन टाकते. सहाव्या पायरीवर ती त्याच्या डोळ्यांदेखत दार बंद करते आणि तो खाली कोसळतो. मग बराच काळ ती दिसत नाही. बाराव्या पायरीवर, मनोऱ्यावर, ती तलवार उपसून समोर उभी राहते. इथवर आलेला खेळाडू साहजिकच वार करतो. सावलीला जखम झाली की आपलाही एक बिंदू कमी होतो. सावली मेली की आपणही मरतो. उपाय एकच : तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचे. दोघे एक होतात. त्यानंतर पुढे रिकामी दरी आहे. तिच्यात पाऊल टाकले की पावलाखाली एकेक फरशी प्रकट होत जाते.

आमच्या वर्गात हे कोडे सुटायला कित्येक आठवडे लागले. ज्याने सोडवले तो मुलगा फारसा हुशार गणला जात नव्हता. त्याला तलवार म्यान करण्याची कळ चुकून लागली असे तो सांगे. मला अजूनही त्यावर पूर्ण विश्वास नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवादलय, विरोधलय आणि समतोललय अशी जी मांडणी केली, तिच्यावरचे आक्षेप आपल्याला ठाऊक आहेत. पण ही सावली शिकवताना मला ती मांडणी आठवते. आधी हुबेहूब प्रतिबिंब, मग वैर, मग दोहोंचे एकमेकांत विरणे. गंमत ही की यातले काही आधी ठरलेले नव्हते. स्मृती मुबलक असती तर मेक्नरने दोन-चार पहारेकरी रेखले असते आणि काम भागवले असते. (पुढे त्याने काटकसर करून पहारेकऱ्यांनाही जागा केली, ती वेगळी गोष्ट.) मानसशास्त्राच्या पुस्तकातून ‘दुसरा मी’ उचलून कथेत बसवणारे लेखक आपण पुष्कळ पाहिले आहेत. इथे तो यंत्राच्या दारिद्र्यातून आला, आणि म्हणूनच तो उपरा वाटत नाही.

गेम ऑक्टोबर १९८९ मध्ये ‘ॲपल टू’वर प्रकाशित झाला आणि आरंभी फारसा चालला नाही. वाचकवर्ग खरोखरच नाहीसा झाला होता. १९९० मध्ये डॉसवरची आवृत्ती आली, मग इतर यंत्रांवरच्या आल्या, जपानमध्ये आणि युरोपात त्याचे नाव झाले, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकलत तो आपल्याकडेही पोचला. या प्रवासात पाठभेद होतच गेले. १९९२ मध्ये जपानात ‘सुपर फॅमिकॉम’साठी निघालेल्या आवृत्तीत पायऱ्या वीस झाल्या आणि तासाचे दोन तास झाले. संपादकाने भर घातलेली पोथी आपल्याला नवी नाही. पण ‘एका तासाची’ गोष्ट ‘दोन तासांची’ झाल्यावरही तिचे अंतर्गत माप टिकवण्याची त्या संपादकांची धडपड दिसते, आणि तिचे चाहते आजही आहेत.

२००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियाल येथील स्टुडिओने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. मेक्नर स्वतः त्या कामात होता, कथा त्याची होती. इथे राजपुत्राच्या हाती एक खंजीर आहे आणि त्यातली वाळू उधळली की घडलेले काही क्षण मागे फिरतात. चुकीची उडी घेतली, पडलो, तर पडणे रद्द करता येते. सारी कथा राजपुत्र कोणालातरी सांगत असतो, म्हणून तो मेला की निवेदकाचाच आवाज येतो : छे, तसे घडले नव्हते. निवेदनतंत्राच्या विद्यार्थ्याने यासाठी तरी हा गेम पाहावा. १९८९ च्या गेमची ही पुनर्निर्मिती नव्हे. तिला मी उत्तर म्हणेन. ज्याने गेलेला क्षण परत न देण्यावर एक कृती रचली, त्यानेच चौदा वर्षांनी क्षण परत मिळण्यावर दुसरी रचली. दोन्हींत वेळ हीच नायिका. आधीच्या कृतीशी असे भांडण मांडायला धैर्य लागते.

याउलट २००७ ची ‘प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक’. गेमलॉफ्टने घडवलेली, युबिसॉफ्टने प्रकाशित केलेली ही खरीखुरी पुनर्निर्मिती. दालने तीच, दारे तीच, पायऱ्यांची रचना तीच. चित्रे मात्र त्रिमितीत नव्याने घडवलेली, ‘सँड्स ऑफ टाइम’च्या वळणाची. भिंतींवर मशालींचा उजेड खेळतो, राजपुत्राचे स्नायू दिसतात, हालचाली अधिक सफाईच्या आहेत. नव्या खेळाडूंसाठी आणखी काही खेळप्रकार जोडलेले आहेत. काम मन लावून केलेले आहे, त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. तरीही ते खेळताना माझ्या मनात सतत एक कुरकुर चालू राहिली, आणि ती केवळ स्मरणरंजनाची नसावी अशी माझी समजूत आहे. मूळ राजपुत्राला चेहरा नव्हता. चार-सहा ठिपक्यांचे डोके, त्यात भाव कुठले. त्यामुळे सगळी अभिव्यक्ती चालीत उतरली होती, आणि डेव्हिड मेक्नर नावाच्या एका पौगंडातल्या मुलाची किंचित अवघडलेली धाव तिथे जशीच्या तशी टिकली होती. सफाई आली आणि तो मुलगा गेला. सावलीचेही तसेच. नव्या आवृत्तीत ती आहे, आरसाही आहे. पण मुबलक स्मृतीत घडवलेल्या सावलीला राजपुत्राच्याच शरीरातून वजा होऊन निघण्याची सक्ती उरत नाही. ती एक पात्र होते.

किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ आज तीन तासांत बसवले जाते. रात्रभराच्या प्रयोगातली पदे गाळली जातात, आणि त्यावर आपली तक्रार नसते, कारण पूर्ण संहिता छापील रूपात हाताशी आहे. कोणीही ती काढून पडताळू शकतो. पुनर्निर्मितीचा न्याय करायचा तर आधी मूळ पाठ निश्चित हवा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो पाठ अशुद्ध होत चालला आहे हे त्यांना जाणवल्यामुळे. ज्ञानेश्वरांनंतर तिथवर सुमारे तीनशे वर्षे गेली होती. गेमच्या बाबतीत ती वेळ फार लवकर येते. फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन काही दशकांत विरून जाते.

‘प्रिन्स’च्या मूळ संहितेवर, म्हणजे मेक्नरने लिहिलेल्या आज्ञावलीवर, ही वेळ येऊन गेली. ‘सँड्स ऑफ टाइम’च्या काळात तिचा शोध घेतला गेला तेव्हा ती मिळाली नाही. मेक्नरने ती हरवली असे धरून चालणे पत्करले. २०११ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने हा गेम ‘कमोडोर ६४’ या जुन्या यंत्रावर आणला, तो मूळ आज्ञावली हाताशी नसताना, गेमची यंत्रभाषा उलगडून. आणि पुढच्याच वर्षी, २०१२ च्या वसंतात, वडिलांनी न्यूयॉर्कच्या घरातील कपाट आवरताना सापडलेले एक खोके मेक्नरला धाडले. त्यात साडेतीन इंची फ्लॉप्यांचा गठ्ठा होता. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या चकत्या जुन्या यंत्रांवर जपून वाचण्यासाठी जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ हे जाणकार त्याच्या घरी जमले. एप्रिल २०१२ मध्ये आज्ञावली वाचता आली आणि मेक्नरने ती सर्वांसाठी खुली केली. ज्या वडिलांनी संगीत दिले त्यांनीच पोथी सांभाळली होती, तीही अजाणता.

आज या कृतीपाशी काय आहे पाहा : मूळ आज्ञावली, डेव्हिडच्या धावण्याच्या फिती, आठ-नऊ वर्षांची दैनंदिनी. मराठीतल्या किती लेखकांबद्दल आपण एवढे म्हणू शकतो? सावली स्मृतीच्या टंचाईतून आली, हे वर मी इतक्या खात्रीने लिहिले, ते या सामग्रीमुळे लिहिता आले. ती नसती तर मीही ‘दुसरा मी’, ‘अंतर्द्वंद्व’ वगैरे म्हणून मोकळा झालो असतो, आणि तुम्ही मान डोलावली असती.

म्हणून पुन्हा पुण्या-मुंबईकडे यायचे. २०२० च्या त्या घोषणेसोबत काही मिनिटांची झलक दाखवण्यात आली. राजपुत्राला २००३ मध्ये आवाज देणारा युरी लोवेंथाल सतरा वर्षांनी परत आला होता. प्रकाशनाचा दिवसही ठरला होता, २१ जानेवारी २०२१. परंतु झलक पाहून जगभरच्या चाहत्यांनी नाके मुरडली. चित्रे जुनाट वाटतात, चेहरे निर्जीव वाटतात, अशी टीका झाली. तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियालकडे, मूळ घराकडे, देण्यात आले. पुढे २०२६ साली गेम येईल असे सांगितले गेले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो रद्दच केला.

त्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पण तिच्यातला एक सूर मला खटकला होता आणि आजही खटकतो. ‘स्वस्तातले काम’ असा तो सूर. मर्यादा मेक्नरच्या वाट्याला आल्या तेव्हा त्यांचे शैलीत रूपांतर झाले, कारण काय ठेवायचे, काय गाळायचे हे ठरवणारा तोच होता. ज्यांच्या हाती दुसऱ्याची कृती, दुसऱ्याची तारीख आणि दुसऱ्याची अपेक्षा होती, त्यांच्या मर्यादांना ती मुभा मिळण्याचा संभव कितीसा होता? नकलणाऱ्याने मूळ बरहुकूम उतरवावे आणि शिवाय ते आजचेही दिसावे, ही अट आपल्या जुन्या लेखनिकांवरही कोणी घातली नव्हती.

२००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ आजही खेळता येतो. १९८९ चा ‘प्रिन्स’ तर कुठल्याही संगणकावर दोन मिनिटांत सुरू होतो. हौशी मंडळींनी डॉसवरच्या आवृत्तीची यंत्रभाषा उलगडून तो आजच्या यंत्रांसाठी अक्षरशः मात्रा-वेलांटीसह नकलून ठेवला आहे. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या मंडळींनी राजपुत्राला कसे चालवले, कुठे अडखळले, कशावर त्यांचे वाद झाले, कोणती उडी त्यांना शेवटपर्यंत साधली नाही, ते सांगणारी दैनंदिनी आपल्यापुढे नाही. त्यांच्या कामातून आपल्यापुढे आहे ती सप्टेंबर २०२० ची तेवढी झलक.

ती मी परवा पुन्हा पाहिली. राजपुत्र भिंतीवरून तिरका धावत जातो, पडतो, वाळू उधळते, आणि तो क्षण मागे फिरतो.